तांबेऱ्याचं नाव गहू सांगतो

जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात शिरोळकडं मामांच्या रानात गेलो होतो. नऊ वाजत आले तरी नदीकडून आलेलं धुकं गव्हावरून हललं नव्हतं. मामा पट्ट्यात शिरले, चार पावलं फिरून बाहेर आले, आणि त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर गुडघ्याखाली विटकरी रंगाची भुकटी बसलेली दिसली. त्यांनी एक पान तोडून अंगठ्यानं घासलं. अंगठा हळद-कुंकू कालवल्यासारखा झाला.

"तांबेराच न्हवं का ह्यो?"

"हो मामा, तांबेराच."

"मग ही जात तांबेऱ्याला दाद देत न्हाई म्हणून सांगितलं हुतं त्याचं काय? गेली तीन वर्सं एक ठिपका न्हवता. औंदा कसा आला? बियाणं फसवं निघालं का?"

फवारणीत प्रोपिकोनॅझोल घ्या, हे मी लगेच सांगितलं. पण त्यांचा खरा प्रश्न औषधाचा नव्हता, आणि त्याचं उत्तर फार थोड्या शेतकऱ्यांना कुणी नीट समजावून सांगितलेलं असतं. बियाणं अगदी तेच असू शकतं. बदललेली असते ती बुरशी. तेच नाव, तोच रंग, तेच फोड, पण आतून वेगळी. ही आतून वेगळी असलेली बुरशी ओळखायची कशी आणि तिला नाव कसं द्यायचं, हे एक अख्खं शास्त्र आहे. त्यात आपल्या कृष्णाकाठच्या खपली गव्हानं केवढा मोठा वाटा उचललाय, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. म्हणून हा लेख.

आधी एक गोंधळ दूर करू. कोल्हापूर भागात 'तांबेरा' म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर सोयाबीन येतं, उरलेल्यांच्या समोर ऊस. तिन्ही पिकांवर तांबूस भुकटी दिसते म्हणून नाव एक पडलं, पण बुरशा तीन वेगळ्या आहेत. उसावरचा तांबेरा गव्हावर जात नाही, सोयाबीनचा उसावर जात नाही. बांधापलीकडच्या उसानं गहू बिघडवला असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. एवढंच काय, दिसायला हुबेहूब असलेला काळा तांबेरा गव्हावर, ओटवर आणि राय धान्यावर येतो, पण गव्हावरचा ओटला लागत नाही. स्वीडनच्या याकोब एरिक्सन यांनी हे १८९४ मध्ये दाखवून दिलं. डोळ्यांना एक दिसणारी बुरशी आपलं पीक मात्र निवडून घेते, हा पहिला धडा तिथं मिळाला.

गव्हाचा तांबेराही तीन तऱ्हांचा असतो. आपल्याकडं कृषी खात्याच्या पत्रकांत त्याला 'गेरवा' म्हणतात. पानावर विखुरलेले, गोलसर, विटकरी-तपकिरी फोड दिसले तर तो तपकिरी तांबेरा. मामांच्या रानात हाच होता. खोडावर, पानाच्या देठाकडं लांबट फोड, त्यांच्या कडेला पानाची साल फाटून उभी राहिलेली, आणि पुढं जाऊन रंग काळपट, तर तो काळा तांबेरा. तिघांत सगळ्यात घातक हाच, कारण तो खोड खातो आणि ओंबी भरायच्या आधीच गहू आडवा करतो. शिलाई मशीननं टीप मारावी तसे ओळीनं पिवळे फोड दिसले तर पिवळा तांबेरा. त्याला थंडी लागते, म्हणून तो पंजाब-हिमाचलकडं त्रास देतो. आपल्या उबदार हवेत त्याची फारशी भीती नाही.

इथपर्यंतचं काम डोळा आणि अंगठा करतो. पुढचं काम मात्र डोळ्याच्या आवाक्यातलं नाही.

समजा मामांच्या रानातला आणि निपाणीकडच्या कुणाच्या रानातला तपकिरी तांबेरा शेजारी-शेजारी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दोन्हीकडं गोल, बारीक काटे असलेले, केशरी बीजाणू दिसतील. आकार, रंग, भिंत, सगळं सारखं. तरीही एक बुरशी एखाद्या जातीचा फडशा पाडेल आणि दुसरी त्याच जातीवर एक फोडही उठवू शकणार नाही. बुरशीच्या अशा पोटभेदाला शास्त्रज्ञ 'रेस' किंवा 'पॅथोटाइप' म्हणतात. मी इथं रेस हाच शब्द वापरतो, कारण 'वाण' आणि 'जात' हे शब्द आपण गव्हासाठी राखलेत आणि दोन्हीकडं वापरले तर घोळ होईल.

असं का होतं, ते कुस्तीवरून चटकन समजतं. तालमीत मुरलेला पैलवान समोरच्याची एखादी खोड ओळखून असतो. हा गडी ढाक मारायच्या आधी डावा खांदा टाकतो, हे एकदा कळलं की खांदा हलताच तो सावध होतो आणि डाव फसतो. गव्हाचंही तसंच आहे. तांबेऱ्याची बुरशी पानात शिरली की स्वतःची काही प्रथिनं गव्हाच्या पेशीत सोडते. गव्हाकडं योग्य जनुक असेल तर ते त्यातलं एखादं प्रथिन ओळखतं, आणि मग एक विलक्षण गोष्ट घडते. ज्या पेशीत बुरशी शिरली ती पेशी स्वतःहून मरते. तांबेरा फक्त जिवंत पेशींवर जगतो, त्याला मेलेलं पान चालत नाही. आजूबाजूच्या दहा-वीस पेशी मेल्या की त्याचा दाणापाणी तुटतो आणि तो जागेवर संपतो. बाहेरून आपल्याला दिसतो फक्त टाचणीच्या टोकाएवढा फिकट ठिपका.

पण बुरशीत बदल होऊन ते ओळखीचं प्रथिनच गळालं किंवा बदललं तर? खांदा न टाकता डाव मारणारा गडी आला तर? गव्हाला पत्ताच लागत नाही. जात तीच, जनुक तेच, पण ओळख पटत नाही. अमेरिकेत एच. एच. फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावर १९४० च्या दशकात हे कोडं उलगडलं: रोपातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकासमोर बुरशीतही एक जोडीचं जनुक असतं. दोघांची गाठ पडली की बुरशी हरते. एका फोडातून रोज हजारो बीजाणू उडतात आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उभी राहते. इतक्या कोट्यवधी बीजाणूंत एखाद्याच्या जनुकात नेमका तो बदल होणं अवघड नाही. आणि सगळ्या शिवारात एकच जात पेरलेली असेल तर त्या एका बीजाणूला मोकळं रान मिळतं. मामांच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथंच आहे.

आता मुख्य मुद्दा. रेस दिसत नाही, मग ती ओळखायची कशी? उत्तर असं, की ती कुणाला चीतपट करते आणि कुणापुढं हरते, ते बघायचं. नवा गडी आला की त्याला वीस ठरलेल्या पैलवानांशी लढवायचं. प्रत्येक पैलवानाला एकच खोड ओळखता येते. वीस कुस्त्यांचा निकाल लागला की नव्या गड्यात कुठल्या खोडी आहेत आणि कुठल्या नाहीत, हे कागदावर येतं. या वीस पैलवानांच्या जागी गव्हाच्या ठरलेल्या जाती असतात. त्याला मी पारख-संच म्हणतो. यात यंत्र कुठलंच नाही. मोजमापाचं साधन म्हणजे खुद्द गव्हाचं रोप.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाचे ई. सी. स्टॅकमन आणि त्यांचे सहकारी लेव्हिन यांनी १९२२ मध्ये काळ्या तांबेऱ्यासाठी असा बारा गव्हांचा संच पक्का केला. त्यात मार्क्विस, कोटा, कुबांका अशा अमेरिका-रशियाकडच्या नावांसोबत एक नाव आहे: खपली. आपलाच खपली, ज्याची खीर आपण गूळ घालून रटरट शिजवतो, ज्याचा दाणा कोंड्यातून सुटता सुटत नाही म्हणून उखळात कांडावा लागायचा. जगभरातल्या प्रयोगशाळांत काळ्या तांबेऱ्याची रेस ठरवताना 'खपली टिकला की पडला' हा एक रकाना असायचा. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी खपलीचा संकर स्टाइनवेडेल या गव्हाशी करून 'खपस्टाइन' तयार केला, आणि त्यातून पुढं एसआर १३, एसआर १४ ही काळ्या तांबेऱ्याविरुद्धची जनुकं ओळखली गेली. यातल्या 'एसआर' म्हणजे काळ्या तांबेऱ्याला रोखणारं जनुक, आणि पुढचा आकडा त्याचा क्रमांक. एसआर १३ ची नेमकी रचना २०१७ मध्ये उलगडली. ज्या गव्हाला आपल्याकडं बरीच वर्षं 'कमी उताऱ्याचा, कांडायला त्रासाचा' म्हणून मागं टाकलं, त्याच्याकडं काय ठेवा होता हे बाहेरच्यांनी आधी ओळखलं.

पारख प्रत्यक्षात कशी करतात, ते जरा जवळून बघू. रानातून पाकिटात आलेल्या पानावर वेगवेगळ्या रेसेस एकत्र असू शकतात. म्हणून आधी ती बुरशी आगरा लोकल नावाच्या गव्हावर वाढवतात. या गव्हाची ख्याती अशी की तो जवळपास कुठल्याच तांबेऱ्याला अडवत नाही. तिथून एकच सुटा फोड निवडतात आणि फक्त त्याच्याच बीजाणूंपासून पुढची पैदास करतात. हे शुद्ध बीज झालं. मग छोट्या कुंड्यांत पारख-संचाची रोपं लावतात. साधारण आठवड्यात पहिलं पान पूर्ण उघडलं की ते बोटांनी हलकेच चोळतात, म्हणजे त्यावरचा मेणचट थर निघतो आणि पाणी धरतं. पाण्याचा फवारा, त्यावर बीजाणू, आणि मग रात्रभर किंवा जास्त वेळ ओलसर बंद कोठीत. बीजाणूला रुजायला पानावर पाणी लागतंच. म्हणूनच धुकं आणि दव पडलं की आपल्या रानात तांबेरा झपाट्यानं पसरतो.

दोन आठवड्यांनी भिंग घेऊन एकेक पान बघायचं. काहीच नसेल तर ०. नुसता फिकट ठिपका असेल तर शास्त्रज्ञ वहीत अर्धविरामाचं चिन्ह लिहितात. बारीक फोड आणि भोवती मेलेल्या पानाचं कडं असेल तर १. फोड हिरव्या बेटावर बसलाय पण बेटाभोवती पिवळं पडलंय, तर २. मध्यम आकाराचा फोड, भोवती मेलेलं काही नाही, तर ३. भला मोठा फोड, सगळीकडं भुकटी, पान हिरवंगार, तर ४. एकाच पानावर सगळ्या तऱ्हा मिसळल्या असतील तर एक्स. २ पर्यंत गहू जिंकला, ३ आणि ४ ला बुरशी जिंकली. २ आणि ३ मधली सीमारेषा वाचणं हे खरं कसब आहे. कोठीचं तापमान चार अंशांनी वर गेलं तर काही जनुकं ढिली पडतात आणि २ चा ३ होतो. म्हणून ही माणसं थर्मामीटरला फार जपतात.

निकाल लागला, आता नाव. इथं एक सुंदर हिशेब आहे. संचातल्या पहिल्या गव्हाला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ४, चौथ्याला ८, पाचव्याला १६, सहाव्याला ३२ असे दुप्पट होत जाणारे आकडे देतात. जे गहू हरले त्यांचे आकडे मिळवायचे. दुसरा, तिसरा, चौथा आणि सहावा हरला तर २ + ४ + ८ + ३२ म्हणजे ४६. आता उलटं करा: या आकड्यांतून ४६ दुसऱ्या कुठल्याही रीतीनं होतच नाही. म्हणजे नुसता आकडा ऐकला की कोण हरलं आणि कोण टिकलं, हे सांगता येतं. भारतात याच रीतीनं नावं देतात. दोन संचांचे दोन आकडे आणि मधे एक अक्षर: काळ्याला जी, तपकिरीला आर, पिवळ्याला एस. '४६ एस ११९' ही उत्तर भारतात गाजलेली पिवळ्या तांबेऱ्याची रेस. '१२१ आर ६३-१' ही तपकिरीची, आपल्या देशात बरीच वर्षं फार ठिकाणी सापडलेली. शेवटचा छोटा आकडा जादा तपासणी-गव्हांचा. ही नावं पाहून लोक बिचकतात, पण त्यात गूढ काही नाही. ते हरलेल्यांच्या यादीचं बेरीज केलेलं रूप आहे.

काळ्या तांबेऱ्यासाठी आंतरराष्ट्रीय पद्धत अक्षरांची आहे. वीस गहू, चार-चारांचे पाच गट, प्रत्येक गटाच्या निकालाला इंग्रजीतलं एक व्यंजन. चारही टिकले तर बी, चारही हरले तर टी, मधल्या चौदा शक्यतांना मधली चौदा व्यंजनं. १९९८ मध्ये युगांडात काळा तांबेरा अशा गव्हावर दिसला ज्यात राय धान्यातून आणलेलं एसआर ३१ हे जनुक होतं. हे जनुक तोवर जगभर भरवशाचं मानलं जाई, भारतातल्या पीबीडब्ल्यू ३४३ सारख्या अफाट पेरल्या गेलेल्या जातीतही तेच होतं. या रेसला यूजी ९९ म्हणून सगळे ओळखतात, पण तिचं शास्त्रीय नाव जास्त बोलकं आहे: टीटीकेएसके. पहिले दोन गट साफ, आठही गहू हरले. तिसऱ्यात के, म्हणजे एसआर ३६ असलेला टिकला, बाकी तीन गेले. चौथ्यात एस, म्हणजे एसआर टीएमपी वाचला. पाचव्यात पुन्हा के, म्हणजे एसआर २४ उभा. वीसपैकी सतरा पडले, तीन उरले. मग २००६ मध्ये केनियात जी रेस सापडली तिचं नाव होतं टीटीकेएसटी. फक्त शेवटचं अक्षर के चं टी झालेलं. जाणकाराला त्या एका अक्षरात कळलं की एसआर २४ ही पडला. पुढच्या वर्षी टीटीटीएसके आली, म्हणजे एसआर ३६ गेला. हरितक्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉग हे स्टॅकमन यांचेच विद्यार्थी. त्यांनी नव्वदी ओलांडल्यावरही या रेसविरुद्ध जगाला हलवून जागं केलं. आणि टीटीकेएसके पुढं टिकलेल्या जनुकांत आपल्या खपलीतलं एसआर १३ आहे. इथिओपियातल्या काही रेसेसनी मात्र त्यालाही पाडलंय, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबता येत नाही.

हल्ली डीएनएवरूनही ओळख पटते. इथिओपियात २०१८ पासून एका पेटीत मावणारी प्रयोगशाळा रानाजवळ नेऊन दोन-तीन दिवसांत पिवळ्या तांबेऱ्याचा पोटभेद सांगता येऊ लागला. बांगलादेशात २०१६ मध्ये गव्हावर करपा आला तेव्हा डीएनए वाचूनच कळलं की ही दक्षिण अमेरिकेतल्या गव्हावरच्या करप्याची शाखा आहे, बांगलादेशातल्याच भातावरच्या करप्यानं उडी मारलेली नाही. आजरा, गगनबावडा, राधानगरीच्या भातकऱ्यांना करपा नवा नाही. बुरशीची प्रजात एकच, पण भाताची शाखा वेगळी आणि गव्हाची वेगळी. हे काम डीएनएनं फार लवकर केलं. तरीही माझं मत असं की कुंड्यांतली रोपं निवृत्त होणार नाहीत. डीएनए सांगतो की ही बुरशी कुणाची नातेवाईक आहे. आपण पेरलेली जात तिच्यापुढं टिकेल का, हे अजून तरी गव्हालाच विचारावं लागतं.

मामांनी शेवटी विचारलं, "पर ही येती कुठनं दरसाल? उन्हाळ्यात तर गहूच नसतो." आग्र्याचे प्राध्यापक के. सी. मेहता यांनी आयुष्य याच प्रश्नाला दिलं. आपल्या कडक उन्हाळ्यात मैदानी भागात तांबेरा मरून जातो. तो टिकतो डोंगरांत: उत्तरेत हिमालयात, दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या थंड टेकड्यांवर. आपल्या भागात तो दक्षिणेकडून वाऱ्यावर चढत येतो, नोव्हेंबरातली वादळं त्याला मध्य भारतापर्यंत पोचवतात आणि पाऊस खाली उतरवतो. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतातला गहू काळ्या तांबेऱ्यानं असाच मोठ्या प्रमाणावर बसवला होता. म्हणून निलगिरीतल्या वेलिंग्टनला काय सापडलं, याच्याशी आपल्या शिवाराचा संबंध असतो. देशभरातले नमुने सिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात तपासले जातात, आणि आपल्याजवळ महाबळेश्वरला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं गहू गेरवा संशोधन केंद्र आहे.

नमुना पाठवणं अवघड नाही, आणि ते शेतकऱ्याशिवाय कुणी करू शकत नाही. ताजे, भुकटी सुटणारे फोड असलेली आठ-दहा पानं घ्यायची. सावलीत तीन-चार तास सुकू द्यायची, उन्हात नाही. फोडाची बाजू आत घेऊन घडी घालायची आणि साध्या कागदी पाकिटात ठेवायची. प्लॅस्टिकची पिशवी नको. आत घाम सुटतो, पान कुजतं, दुसरीच बुरशी वाढते आणि तांबेरा मरतो. फवारणी करायच्या आधीची पानं हवीत, कारण औषध लागलेले बीजाणू रुजत नाहीत. मामांना मी हे सांगितलं तेव्हा फवारणीचा पंप भरून तयार होता. त्यांनी तो खाली ठेवला आणि आधी पानं तोडली.

घरातल्या लग्नपत्रिकेचं एक जुनं पाकीट सापडलं. मामांनी त्यावर गाव, तारीख आणि 'ओंबी बाहेर पडली' एवढं लिहून माझ्याकडं दिलं. मी परत त्यांच्या हातात दिलं, कारण सगळ्यात महत्त्वाची ओळ राहिली होती. मग त्यांनी बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल शोधून आणलं आणि गव्हाच्या जातीचं नाव सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात लिहिलं.